न्यायमूर्ती कै. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर

सातारा म्हटले की अजिंक्यतारा आणि छत्रपतींची गादी ही प्रथम डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु त्याच गावाची आणखी एक ओळख जुन्या पिढीस होती, ती तेथील शास्त्राध्ययनाची. निःस्पृह न्यायाधीश म्हणून ज्यांचे नाव घरोघर घेतले जाते ते रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. व्याकरणशास्त्रात ज्यांचा अधिकार सर्व दक्षिणेत मानला जाई ते भास्करशास्त्री अभ्यंकर साताऱ्याचे. परिभाषेंदुशेखरावर ‘त्रिपथगा’ नावाची टीका लिहिणारे राघवेंद्राचार्य गजेंद्रगडकरही साताऱ्यासच राहिले. अशा या गावी, कर्नाटकातील गजेंद्रगडाहून पूर्वी केव्हातरी येऊन स्थायिक झालेल्या माध्व वैष्णव घराण्यात, १६ मार्च १९०१ रोजी प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म झाला. पुढे ते भारताचे सातवे सरन्यायाधीश झाले. आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांनी केले काय, हे विचारल्यास उत्तर देणारे थोडेच भेटतात.

हा लेख लिहिण्यास कारणही तसेच घडले. नात्यातील एक मुलगी सांगलीस कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकते. मागील दिवाळीत ती घरी आली असता तिने राज्यघटनेच्या पेपरासाठी काढलेली टिपणे सहज माझ्या हाती आली. त्यांत पानापानावर गजेंद्रगडकरांचे नाव होते. हे गृहस्थ साताऱ्याचे, आपल्यापैकीच, असे मी म्हणताच तिला आश्चर्य वाटले. आणि त्यांच्या निवाड्यांतील काय काय तिला शिकावे लागते हे तिने सांगू लागताच आश्चर्य वाटण्याची पाळी माझी आली. मी प्राथमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकविले असल्यामुळे राज्यघटनेची तोंडओळख मला होती. तरीही आपण या थोर पुरुषाचे एकच अंग लक्षात ठेवले आणि बाकीचे विसरलो, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

प्रल्हादरावांचे वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान होते. वडील बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी संपादिलेली संस्कृत नाटके अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासिली. अशा घरात मुलाच्या कानावर प्रथम पडतो तो पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळासह मांडल्याशिवाय त्याचे खंडन करावयाचे नाही, ही शास्त्रीपंडितांची शिस्त. ज्यांनी गजेंद्रगडकरांचे निवाडे वाचले आहेत त्यांना ही शिस्त तेथे ठायी ठायी दिसेल.

त्यांच्या जन्माच्या सुमाराचा एक योग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या जन्माआधी सुमारे चार महिने, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्यातील सरकारी शाळेत भिवा रामजी या नावाच्या एका मुलाचा प्रवेश नोंदला गेला. अस्पृश्य म्हणून त्या मुलास काय सोसावे लागले ते सर्वश्रुत आहे. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. राज्यघटना ज्यांच्या देखरेखीखाली लिहिली गेली ते डॉक्टर आंबेडकर आणि त्या घटनेचा अर्थ लावण्यात ज्यांनी आयुष्याची उत्तम वर्षे वेचली ते गजेंद्रगडकर, हे दोघे काही काळ एकाच लहानशा गावात होते. एक पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणारा आणि दुसरा पाळण्यात. एकाच्या वाट्यास विद्येचे घर आले, तर दुसऱ्यास विद्येच्या दारातही वेगळे बसावे लागले. हा भेद पुढे मोठेपणी न्यायासनावर बसून गजेंद्रगडकरांनी विसरला नाही, हे मी त्यांचे सर्वांत मोठे श्रेय समजतो.

साताऱ्यास शालेय शिक्षण पुरे करून १९१८ साली ते धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात दाखल झाले. दोन वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तेथे दक्षिणा फेलो झाले आणि १९२४ साली एम. ए. उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी पुण्यास इंडियन लॉ सोसायटीने आपले कायदा महाविद्यालय सुरू केले. दक्षिण महाराष्ट्रातील मुलास तोवर वकिलीची पदवी हवी तर मुंबई गाठावी लागे. या नव्या महाविद्यालयाच्या अगदी प्रारंभीच्या विद्यार्थ्यांपैकी गजेंद्रगडकर एक होते. १९२६ साली ते सन्मानासह एल्‌एल. बी. झाले.

त्या काळी कायद्याच्या विद्यार्थ्यास राज्यघटना किती शिकविली जात असेल, असा प्रश्न मनात येतो. करार, मालमत्तेचे हस्तांतरण, पुरावा, फौजदारी कायदा, हिंदू आणि मुसलमानी कायदा, हे वकिलाच्या पोटापाण्याचे विषय. राज्यघटना म्हणजे इंग्लंडची घटना, आणि तिच्यावरील डायसीसाहेबांचा १८८५ साली निघालेला ग्रंथ. ज्या देशाला स्वतःची घटनाच नव्हती, केवळ विलायतच्या पार्लमेंटाने केलेला १९१९ चा कायदा होता, त्या देशात दुसरे काय शिकविणार? नागरिकाचे मूलभूत हक्क, सरकारची कृती रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार, यांचा गंधही त्या अभ्यासक्रमास नव्हता. डॉक्टर आंबेडकर १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या सरकारी कायदा महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इंग्लंडच्या घटनेवरील त्यांची व्याख्यान-टिपणे आज छापलेली उपलब्ध आहेत. राजसत्ता म्हणजे काय, पार्लमेंट म्हणजे काय, उमरावांची सभा कशी बनते, हे प्राथमिक धडे त्यांस तेथे द्यावे लागले. कारण हिंदी विद्यार्थ्याच्या अनुभवात त्यांपैकी एकही वस्तू नव्हती. कायद्याचे शिक्षण सुधारले पाहिजे असे प्रतिपादणारा त्यांचा लेख १९३६ सालचा आहे.

तेव्हा आपल्या चरित्रनायकाच्या जीवनातील विलक्षण गोष्ट ही की, ज्या शास्त्रात त्यांची कीर्ती झाली ते शास्त्र त्यांना कोणत्याही वर्गात शिकविले गेले नाही. वकिली आरंभिली तेव्हा ते हिंदू कायद्याचे अभ्यासक होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत त्यांनी १९२६ पासून वकिली केली, हिंदू कायद्यास वाहिलेल्या एका त्रैमासिकाचे संपादन केले आणि नंदपंडिताच्या दत्तकमीमांसेची संशोधित आवृत्ती काढली. ६ मार्च १९४५ रोजी ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पुढे पाच वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, देशाची घटना अमलात आली. एकोणपन्नासाव्या वर्षी या न्यायाधीशास एका नव्या ग्रंथाचे अध्ययन आरंभावे लागले आणि तेही लोकांचे निवाडे करीत असताना. त्यांच्या पिढीतील सर्वच न्यायाधीशांची ही स्थिती होती. घटना शिकलेला न्यायाधीश तेव्हा देशात नव्हता. घटना शिकणारे न्यायाधीश होते.

पहिली मोठी परीक्षा लवकरच आली. हिंदू पुरुषास दुसरे लग्न करण्याची मनाई करणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९४६ साली झाला होता. मुसलमानास मुभा आणि हिंदूस मनाई, हे समतेच्या विरुद्ध आहे, असा वाद १९५१ साली नरसू अप्पा माळी यांच्या खटल्यात उपस्थित झाला. सरन्यायाधीश छागला आणि गजेंद्रगडकर या दोघांनी तो कायदा उचलून धरला. समाजसुधारणा एका समाजापासून सुरू करण्यास राज्य मोकळे आहे, असा त्याचा आशय. त्याच निवाड्यात निरनिराळ्या धर्मांचे व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीस लावता येत नाहीत असेही म्हटले गेले. हे मत पुढे फार वादग्रस्त ठरले आणि २०१८ साली शबरीमला प्रकरणी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्यावर स्पष्ट आक्षेप घेतला. शास्त्रीघराण्यातील या पुत्राने हिंदू कोड बिलाचाही जाहीर पुरस्कार केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांस ते रुचले नव्हते.

मधल्या काळातील त्यांचे मजूर कायद्यातील कार्य, बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यावरील १९५५ चा आयोग इत्यादी गोष्टी स्वतंत्र लेखाचा विषय होत. येथे केवळ उल्लेख करून पुढे जातो. जानेवारी १९५७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी सरन्यायाधीश झाले.

आता आपल्या विस्मरणाविषयी. आपल्या मंडळींत गजेंद्रगडकरांचे नाव निघाले की बालाजी खटल्याचा निर्देश हटकून होतो. म्हैसूर सरकारने १९६२ साली वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शेकडा ६८ जागा राखून ठेवल्या होत्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. निवाडा गजेंद्रगडकरांचा. मागासलेपण ठरविण्यास जात ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही, आणि राखीव जागा सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी असाव्यात, असे त्यांनी म्हटले. निम्म्याची ती मर्यादा १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने कायम केली आणि २०२१ साली आपल्या राज्यातील मराठा आरक्षणाच्या प्रकरणी पुन्हा तिचाच आधार घेतला गेला. बालाजीचा हा भाग आपल्याला तोंडपाठ आहे.

परंतु त्याच निवाड्यात मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करणे हे राज्याचे उचित कर्तव्य आहे, त्यांची उन्नती झाल्याविना देशाची समता पोकळ राहील, या अर्थाचे जे विवेचन आहे ते आपण कधी वाचले काय? त्याआधी एकच वर्ष, १९६१ साली, रंगाचारी खटल्यात रेल्वेतील बढत्यांमध्येही राखीव जागा ठेवता येतात असा निर्णय तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने झाला, आणि बहुमताचा निवाडा लिहिणारे हेच गजेंद्रगडकर होते. तो निर्णय १९९२ साली फिरला आणि १९९५ साली घटनादुरुस्तीने बढतीतील आरक्षण पुन्हा आले, हा पुढचा इतिहास. माझ्यापुरते बोलायचे तर रंगाचारी हे नाव मी त्या मुलीच्या टिपणांत प्रथम वाचले. बालाजीचे नाव मात्र मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. अर्धा गजेंद्रगडकर आपण आपल्या सोयीचा म्हणून ठेवून घेतला, असे म्हणणे कटू असले तरी खोटे नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. तथापि त्यांच्या चरित्रातून हे गाळले तर ते चरित्र त्यांचे राहणार नाही.

त्यांच्या कारकीर्दीतील अखेरच्या निवाड्यांपैकी एक याच संदर्भात सांगण्याजोगा आहे. अहमदाबादच्या स्वामिनारायण पंथीयांनी, आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा असल्याने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आपणांस लागू नाही, असा दावा १९४८ च्या जानेवारीत दाखल केला होता. तो अठरा वर्षे चालला. १४ जानेवारी १९६६ रोजी त्याचा अंतिम निकाल गजेंद्रगडकरांनी दिला. हिंदू धर्म म्हणजे काय, या प्रश्नाचा ऊहापोह करताना वेदकालापासून संतपरंपरेपर्यंतचा सर्व प्रवाह त्यांनी डोळ्यांखालून घातला, आणि सत्संगी हे हिंदूच आहेत, तेव्हा मंदिराचे दार सर्वांस उघडे असले पाहिजे, असा निर्णय दिला. घरी लहानपणी झालेले संस्कृत अध्ययन त्यांनी कोणत्या बाजूने वापरले, ते यावरून दिसते.

घटनाशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीचा प्रसंग १९६४ सालचा. गोरखपूरचे केशवसिंह नावाचे कार्यकर्ते. एका आमदाराविरुद्ध पत्रक काढल्याबद्दल उत्तर प्रदेश विधानसभेने त्यांस हक्कभंगासाठी सात दिवसांचा तुरुंगवास दिला. उच्च न्यायालयाच्या लखनौ येथील दोन न्यायाधीशांनी त्यांस जामीन दिला. यावर विधानसभेने ठराव केला की, त्या दोन न्यायाधीशांना आणि वकिलास पकडून सभागृहापुढे हजर करावे! अलाहाबादच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावास स्थगिती दिली. दोन घटनात्मक संस्था उघड उघड एकमेकींवर उठल्या. अखेर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. सात न्यायाधीशांचे पीठ बसले आणि ३० सप्टेंबर १९६४ रोजी सहांच्या वतीने गजेंद्रगडकरांनी मत दिले. न्यायमूर्ती सरकार यांचे मत भिन्न होते. इंग्लंडात पार्लमेंट सार्वभौम आहे, आपल्या देशात राज्यघटना सार्वभौम आहे. म्हणून न्यायाधीशांना असे बोलावण्याचा अधिकार विधानसभेस नाही, हा त्या मताचा गाभा. डायसीवर पोसलेल्या पिढीतील विद्यार्थ्याने डायसीला कोठे थांबवावयाचे ते येथे ठरविले. कायद्याच्या शिक्षकाने एका तासात काय शिकवावे असे मला कोणी विचारले, तर ही एक हकीकत सांगा म्हणेन.

सामान्य माणसाच्या बाजूची एक लहान गोष्टही नमूद करतो. युद्धाच्या आणीबाणीत संरक्षण नियमांखाली केरळातील केरोसीनच्या एका घाऊक व्यापाऱ्यास १९६५ साली स्थानबद्ध करण्यात आले. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग तेव्हा बंद होता. तरीही स्थानबद्धतेचा हुकूम कुहेतूने काढला असेल तर न्यायालय पाहू शकते, हे सूत्र गजेंद्रगडकरांनी मखनसिंग खटल्यात १९६३ सालीच घालून दिले होते. त्या सूत्राने फेब्रुवारी १९६६ मध्ये त्या व्यापाऱ्याची मुक्तता झाली.

त्यांचे प्रत्येक मत टिकले असे नाही. घटनेतील मूलभूत हक्कांतही संसद दुरुस्ती करू शकते, असे त्यांनी सज्जनसिंह खटल्यात म्हटले. त्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला आणि न्यायमूर्ती मुधोळकर यांनी शंका काढल्या होत्या. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात गजेंद्रगडकरांचे मत एका मताच्या बहुमताने उलटले. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात संसदेचा अधिकार पुन्हा मान्य झाला, परंतु घटनेच्या मूलभूत चौकटीस हात लावता येणार नाही ही अट घालून. मुधोळकरांच्या शंकेत त्या चौकटीचे बीज होते. पूर्वपक्ष किती मोलाचा असतो ते यावरून कळावे. पुढे १९७१ ते १९७७ या काळात ते केंद्रीय विधी आयोगाचे मानद अध्यक्ष होते आणि १९७५ च्या आणीबाणीतही त्या पदावर राहिले. याविषयी जाणत्या लोकांत मतभेद आहेत. त्यांनी तेव्हा पद सोडले असते तर बरे झाले असते, असे माझे नम्र मत आहे.

सरन्यायाधीशपदी असतानाच कायद्याच्या शिक्षणाकडेही त्यांनी लक्ष दिले. सेतलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या अहवालात देशातील कायदा महाविद्यालयांवर कडक टीका केली होती. चिंतामणराव देशमुख कुलगुरू असताना दिल्ली विद्यापीठाने कायदेशिक्षणाच्या पुनर्रचनेसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष गजेंद्रगडकर होते आणि तिचा अहवाल १९६४ साली आला. कायदा हा समाजशास्त्रांच्या संदर्भात शिकविला पाहिजे, तो फावल्या वेळचा उद्योग नसून पूर्णवेळ अध्ययनाचा विषय आहे, पाठांतरापेक्षा निवाड्यांवरील चर्चेने विद्यार्थी तयार व्हावा, अशी त्या समितीची दृष्टी होती. दिल्लीस पदवीनंतर तीन वर्षांचा, सत्रपद्धतीचा अभ्यासक्रम १९६६ पासून सुरू झाला. त्याच वर्षी १५ मार्चला सरन्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७१ पर्यंत त्या स्थानी राहिले. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार घटनाशास्त्राचे दोन पेपर प्रत्येक कायदा विद्यार्थ्यास आवश्यक आहेत. मग तो दिल्लीचा असो, सांगलीचा असो की साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजचा असो. १९२४ च्या प्रल्हाद गजेंद्रगडकरास जे मिळाले नाही ते आज आपल्या मुलांस दारात मिळते.

मात्र मिळते म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. त्या मुलीच्या टिपणांत बालाजी खटल्यापुढे एक ओळ होती, रंगाचारीपुढे एक, केशवसिंहापुढे दीड. परीक्षेत तेवढे पुरते, असे ती म्हणाली. मूळ निवाडा वाचला काय, असे मी विचारले असता ती हसली. दोष तिचा एकटीचा नाही. मी स्वतः नागरिकशास्त्राचे प्रश्न मुलांकडून असेच घोकून घेतले आहेत. तथापि ती सुटी संपवून परत जाण्यापूर्वी आम्ही दोघांनी बालाजीचा निवाडा मिळवून चार दिवस वाचला. ती इंग्रजी वाचून अर्थ सांगे, मी मध्येच थांबवून विचारी. माझे इंग्रजी जुन्या मॅट्रिकचे. तरीही मांडणी इतकी पायरीपायरीची की मला वाट चुकल्यासारखे झाले नाही. चौथ्या दिवशी तिने वहीतील ती एक ओळ खोडली आणि तेथे पानभर लिहिले.

१९७२ साली भारत सरकारने त्यांस पद्मविभूषण ही पदवी दिली. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र त्यांच्या पश्चात १९८३ साली भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केले. त्याची एक प्रत आपल्या मंडळाच्या वाचनालयात असावी, आणि तिच्याशेजारी रंगाचारी, बालाजी, केशवसिंह व स्वामिनारायण मंदिर या चार निवाड्यांच्या पूर्ण प्रती बांधून ठेवाव्यात, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. बांधणीचा खर्च मी देईन.